वाढबाईंची उंची

वाढीच्या हार्मोनवर आयुष्य घालवलेल्या आमच्या बाईंना स्वतःच्याच प्रयोगशाळेतलं वरचं कपाट उघडायला स्टूल लागायचं. खालापूरजवळच्या मत्स्यबीज केंद्रात त्या माशांची वाढ आणि प्रजनन यांवर संशोधन करत. एवढं लांबलचक काम गावाच्या तोंडी कसं बसणार? गावाने त्यांना 'वाढबाई' करून टाकलं. कानावर आलं तेव्हा म्हणाल्या, "बरं झालं. शास्त्रज्ञ म्हटलं की लोक मिक्सर दुरुस्तीला आणतात."

आमची ओळख माझ्या आईच्या कृपेने झाली. पोलीस भरतीत मी बोटभर उंचीने बाद झालो, तशी ती मला दंडाला धरून केंद्रावर घेऊन गेली.

"बाई, तुमी माशांना इंजेक्शन देता ना? त्यातलंच येक ह्याला द्या. पोराच्या जल्माचं कल्याण होईल."

"देते की," बाई म्हणाल्या. "पण ते अंडी घालायचं आहे. भरतीत चालतं का, तेवढं विचारून या."

आई घरापर्यंत बडबडत आली. मी मात्र हुशार. मोहोपाड्याच्या जिमवाल्याकडून उंची वाढवायची बाटली आणली, आणि सुईची भीती म्हणून टोचून घ्यायला पुन्हा बाईंकडेच गेलो. त्यांनी बाटली उलटीपालटी करून पाहिली.

"तुझ्या हाडांची टोकं केव्हाच जुळलीत. आता उंची वाढणार नाही. वाढले तर पंजे आणि जबडा. भरतीत चपलेचा नंबर मोजतात का रे?"

बाटली बेसिनमध्ये रिकामी झाली. मला रडू फुटलं. बाई म्हणाल्या, "रडून झालं की जाळं धर. आज एक माणूस कमी आहे."

दुसऱ्या दिवसापासून मी रोजंदारीवर लागलो.

रविवारी बाई कर्जतच्या बाजारात जाऊन माशांची नुसती डोकी घेत. कोळीण मला बाजूला घेऊन म्हणाली, "पगार थकलाय काय रं बाईंचा?" आणि चार तुकड्या फुकट बांधून दिल्या. बाईंनी त्या खुशाल घेतल्या. डोकी हवी असायची ती मेंदूखालच्या मोहरीएवढ्या ग्रंथीसाठी. तिचा अर्क टोचला की तळ्याच्या साचल्या पाण्यात एरवी न विणारी रोहू अंडी सोडते. बाई म्हणत, "ही ग्रंथी मेंदूला चिकटून राहते आणि हुकूम सोडते. आमच्या खात्यात हुकूम सोडणारे मेंदूपासून लांब बसतात."

मग तयार औषध बाजारात आलं. डोकी नकोत, अर्क नको. बाईंची निम्मी विद्या बाटलीत भरून आली, आणि तळेवाल्यांना ती घ्यायला सांगायला गावोगाव कोण हिंडलं? बाईच. मी विचारलं, "वाईट नाय वाटत?"

"वाटतं ना. पण रोहूला त्याचं काय?"

निवृत्तीनंतर त्या बहिणीकडे नागपूरला गेल्या. मी इथेच स्वतःची हॅचरी टाकली. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या बहिणीचा फोन आला तेव्हा मी कमरेएवढ्या पाण्यात होतो. मादी हातात होती, सुई भरलेली होती. कामगाराने फोन माझ्या कानाला लावला. बाई सकाळीच गेल्या होत्या.

मासळी ताटकळली असती तर बाईंनी मला सोडलं नसतं. मी सुई दिली, तिला अलगद पाण्यात सोडलं, नरांचीही इंजेक्शनं उरकली. मग बांधावर बसलो, आणि कामगार बघतायत याची पर्वा न करता रडलो.