शेपटीला धरून आलेलं प्रथिन

खमीरकाकांना प्रयोगशाळेत एकतीस वर्षं झाली होती. यीस्टसाठी साखरेचं पातळ खाद्य शिजवायचं, चंबूत भरायचं, हलत्या फळीवर ठेवायचं आणि नंतर ते चंबू लख्ख घासायचे. अंगाला पावाचा वास कायमचा चिकटलेला. "मी नवरा केला की बेकरी?" असं म्हणून बायको स्वतःच खुदखुदायची.

यंदा मात्र काकांचा जीव ताईंच्या प्रयोगात अडकला होता. ताई संशोधक, वयाने लेकीएवढ्या. त्यांचं म्हणणं साधं होतं. यीस्टच्या पेशीत जनुकांची नक्कल म्हणून आरएनए लिहिणारं एक यंत्र असतं, पॉलिमरेज. त्याला लांबलचक शेपटी. आरएनएची काटछाट करणारं प्रथिन लिखाण चालू असतानाच त्या शेपटीला धरून बसतं. मग यंत्र ओढून बाहेर काढलं की तेही सोबत यायला हवं आणि प्रत्येक प्रथिनाची एक रेघ उमटते त्या फिल्मवर दोन काळ्या रेघा दिसायला हव्यात. चार वर्षांत दिसली ती एकच, यंत्राची. शेवटी प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी सांगून टाकलं, "आणखी एकदा करा. नाही जमलं तर विषय बंद."

त्या सकाळी ताई उतरलेल्या चेहऱ्याने यीस्टचा चंबू न्यायला आल्या. काकांनी तो दिलाच नाही.

"याने नाही जमायचं," ते म्हणाले. "रात्रभर खाऊन सुस्त पडलंय हे. खाद्य संपलं, कामधाम बंद. लिखाणच चालू नाही, तर शेपटीला धरणार कोण?"

"पण आम्ही नेहमी सकाळीच उचलतो."

"तुमच्या सोयीने उचलता! जरा त्यांच्या सोयीने उचला की. यातलं थोडं ताज्या खाद्यात टाकतो. दुपारी वाढ ऐन भरात असेल, तेव्हा न्या."

ताईंनी कपाळावर हात मारून घेतला. "काका, इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"कुणी विचारलं कधी?"

दोन दिवसांनी ताई धावतच आल्या आणि काकांना हाताला धरून खिडकीशी घेऊन गेल्या. सर तिथे आधीच हसत उभे होते. ताईंनी फिल्म उजेडासमोर धरली. काकांनी चष्मा पुसला.

"वरचं ते यंत्र?"

"हो."

"आणि हे खालचं, शेपटीला धरून आलेलं?"

"हो, काका, हो!"

एकतीस वर्षांत कुणी त्यांना फिल्म दाखवली नव्हती. आनंदाने त्यांचे डोळे भरून आले.

"म्हणजे हे खरंच असतं होय!" ते म्हणाले. "मी आपला तुमच्या शब्दावर खाऊ घालत होतो."