पहाटेचं भांडण

मोठ्या बाईंशी माझं भांडण रोज पहाटे व्हायचं, तेही झोपेत. जागेपणी त्यांच्यासमोर 'हो बाई' यापलीकडे माझ्या तोंडून शब्द फुटत नसे.

एकोणीसशे पन्नासचं दशक सरत आलं होतं. अमरावतीच्या कॉलेजातून गणित घेऊन मी पदवीधर झाले होते आणि त्याचा मला कोण तोरा! लग्न होऊन अकोल्याला आले, मुलींच्या शाळेत लागले, आणि मुख्याध्यापिकेनं, म्हणजे मोठ्या बाईंनी, हातात काय दिलं, तर शिवण. आठवीचं गणित त्या स्वतःच घ्यायच्या. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत, असं मला वाटे.

स्वप्नात मी टेबलावर हात आपटून त्यांच्यावर ओरडायची. कारणं मात्र भलतीच असत. कधी घंटा उशिरा दिली म्हणून, कधी त्यांनी माझ्या डब्यातला ठेचा संपवला म्हणून. गणिताचं नावसुद्धा निघत नसे. याचंच मला नवल वाटे. मन एवढा घसा फोडतं, मग मुद्द्याचं का बोलत नाही?

भीतीही होतीच. पुढल्या वर्षी कोणाला कोणता वर्ग, हे उन्हाळी सुटीआधी मोठ्या बाई ठरवत, आणि मला ते गणित हवं होतं. पहाटेचं स्वप्न खरं होतं म्हणतात. तसं झालं तर गणित राहिलं बाजूला, नोकरीच जायची.

शेजारच्या काकू भिक्षुकाच्या घरातल्या. त्यांना विचारलं.

"सपनात मेलं का आयुष्य वाढते," काकू म्हणाल्या, "तसं भांडन पायलं का गट्टी होते. अन् भेव वाटत असंन तं सांगून टाक कोनाले. सांगितलेलं सपन फळत नाई."

"पण काकू, फळलं तर गट्टी होणार. मग सांगून ते घालवू कशाला?"

"तू लई हिशेब करतं," म्हणून त्यांनी मला वाटेला लावलं.

शेवटी मधल्या सुटीत सोबतच्या एका शिक्षिकेला सांगितलं. त्यांचं घर नुकतंच बौद्ध झालेलं. भाकरीचा घास हातातच ठेवून त्यांनी सगळं ऐकलं. "आमी हे फळबिळ सोडलं, बाई. पन भांडाचंच आहे तं दिवसा काहून नाई भांडत?"

बाकीच्या जणी खो खो हसल्या. व्हायचं तेच झालं, गोष्ट मोठ्या बाईंच्या कानावर गेली. शाळा सुटायच्या आत त्यांचं बोलावणं आलं.

"काय बोलता तुमी मले सपनात? सांगा."

आधी वाटलं, काहीच नाही म्हणून टाकावं. मग वाटलं, सांगितलेलं फळत नाही ना? मग यांनाच सांगावं. घंटेचं सांगितलं, ठेच्याचं सांगितलं. सांगता सांगता आवाज कधी चढला कळलंच नाही. "दोन वर्षं मी नुसती काजं शिकवतेय! मला बीजगणित येतं, बाई!" आणि माझा हात टेबलावर आपटला. स्वप्न भरदिवसा खरं झालं होतं.

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. "हे शेवटचं सपनातलं का आताचं?"

"आताचं," मी कशीबशी म्हणाले.

"पयल्या दिवशी म्या इचारलं होतं, गनित घेता का शिवन. तुमी म्हनल्या, 'तुम्ही द्याल ते.' मले वाटलं, गनिताले कंटाळल्या असान."

मला आठवलं. सासरच्या गावात नवी म्हणून मी आदबीनं तसं बोलले होते.

त्यांनी आठवीचं पुस्तक माझ्याकडे सरकवलं. "उद्यापासून घ्या. मले हे येत नाई, बाई. दोन वर्सं झाले, त्या वर्गाचं दार पायलं का मले पळून जावं वाटते."

मला आनंदानं रडू आलं, आणि आम्हा दोघींचा रागही आला.