गोदरीतला एलईडी

आमच्या संडासात चार वर्सं गवऱ्या व्हत्या.

संडास सरकारी योजनेतला. वर स्लॅब, पत्र्याचं दार, आतून कडी. बांधून झाला तवा माझ्या लेकाला, सुदामला, दारापुढं उभा करून फोटो काढला. फोटोवाला गेला अन् म्या आत गवऱ्या रचल्या. पावसात भिजत न्हाईत, कुत्रं तुडवत न्हाई. तीस हंगाम ऊस तोडला, पाचटाच्या कोपीत दिवस काढले, असली कोरडी जागा मला जन्मात मिळाली न्हवती. (अन् चुलीपासून सात पावलांवर परसाकडं बसायचं, हे काय माणसाचं लक्षण हाय?)

वस्तीतल्या समद्या बाया गोदरीत जायच्या. गोदरी म्हंजी शिरूरच्या कडंला, डांबरी रस्त्यालगतची वेड्या बाभळीची पट्टी. दिवस उगवायच्या आधी एकदा, दिवेलागणीनंतर एकदा. रस्त्यावर गाडीचा उजेड आला की समद्यांनी उठायचं, गाडी गेली की बसायचं. माझे गुडघे त्यातच गेले, पण म्या कधी कुरकुर केली न्हाई.

यंदा सुनंला, रेखाला, सातवा लागला. आशाताई तपासायला आली, रेखाच्या पायाची सूज बघितली अन् मलाच रागं भरली.

"आजी, ही पाणी कावून पीत न्हाई? लघवी तुंबवून धरती. पोटातल्या लेकराला धोका हाय."

"पी की गं," म्या रेखाला म्हणले.

"पिते की आत्या. पिल्यावर दिवसाढवळ्या जाऊ कुठं ते सांगा."

सुदाम म्हणला, "माय, गवऱ्या काढू."

"अन् पावसाळ्यात चुलीत काय, तुझा फोटो घालू?"

त्याच आठवड्यात रेखा दिवेलागणीला गोदरीतून पोट धरून पळत आली. पायाजवळून जनावर सरपटत गेलं म्हणं, हातभर लांब. सुदाम तर घमेलं घेऊन संडासाच्या दाराशीच उभा राहिला. म्या आडवी झाले. म्हणले, "अडचण संडासाची न्हाई, अंधाराची हाय. उजेड असला की जनावर दिसंल. उजेड म्या आणते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मेंबरच्या ओट्यावर जाऊन बसले. तीन दिवस बसले. तिसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, "आजी, काय पायजे?"

"दिवा."

"घरात?"

"गोदरीत."

चहाचा कप त्याच्या तोंडापाशीच ऱ्हायला. "गोदरीत दिवा कुणी मागतं का?"

"म्या मागते. मत बी म्याच देते."

आठ दिवसांत खांब आला. नारळ माझ्याच हातानं फोडला. बाया नव्या लुगड्यात, शेजारच्या जनाबाईनं तर गजरा माळलेला. अंधार पडला अन् एलईडी लागला. काय उजेड वो तो! आधी चौकात पिवळा बल्ब व्हता, तो सोताला दिसायचा तेवढाच. ह्या दिव्यात सुईत दोरा ओवावा. बाभळीचा काटा अन् काटा दिसत व्हता. जनाबाई म्हणली, "अक्का, तुमी मेंबरीण व्हायला पायजे व्हत्या." म्या पदर सारखा केला.

मंग समद्यांचं ध्यान आपापल्या हातातल्या टमरेलाकडं गेलं.

कुणी हालंना. पांढऱ्याफेक उजेडात अकरा बाया अन् अकरा टमरेलं, रस्त्याकडंला रांगेत. तेवढ्यात एसटी आली. ड्रायव्हरला वाटलं, पाशिंजर हायेत. त्यानं गाडी थांबवली. कंडक्टरनं दार उघडलं.

"चला मावशी, कुठं जायचंय?"

"तुझ्या घरी," जनाबाई म्हणली.

गाडी गेली. जनाबाईनं टमरेलातलं पाणी बाभळीला ओतलं. "अक्का, जनावराचं भ्या गेलं बगा. आता माणसांचं आलं."

जनावराचं भ्या गेलं, हे बी चार दिवसांत खोटं ठरलं. दिव्याला किडे आले. किड्यांमागं बेडकं आली. बेडकांमागं, ज्याच्यासाठी म्या मेंबरच्या ओट्यावर बूड झिजवलं व्हतं, ते जनावर आलं, अन् येताना जोडीदार घेऊन आलं. पहिलं बिचारं अंधारात चाचपडत हिंडायचं. आता खांबाला वेटोळं घालून निवांत बसायचं, अन् समोरचं ताट दिसायचं त्याला.

बायांनी माझ्याशी बोलणं टाकलं. ते म्या सोसलं. पण रेखानं आता संध्याकाळचं पाणी बी सोडलं. तांब्या भरून पुढं ठिवावा तर सकाळी तेवढाच भरलेला. व्हट सुकले, पायातली जोडवी रुतून बसली. आशाताई म्हणली, "दोन दिवसांत फरक पडला न्हाई तर हिला दवाखान्यात भरती करावं लागंल."

तेवढ्यात तरी मला अक्कल यावी का न्हाई? न्हाई आली. म्या रेखाला म्हणले, "दिव्याच्या पल्याड अंधार हाय. पहाटं तुला तिकडं नेते."

"आत्या, त्यापरीस..."

"चल म्हणते न्हवं."

पहाटं निघालो. म्या पुढं, रेखा माझ्या पदराला धरून मागं. खांबापाशी जनावर बसलंय का म्हणून म्या वर-खाली नीट बघून घेतलं. तिथंच चुकलं. त्या पांढऱ्या उजेडाकडं एकदा बघितलं की पुढचा अंधार अंधार ऱ्हात न्हाई, डांबर व्हतो. डोळ्यांपुढं नुसते काजवे.

"आत्या, थांबा. मला काहीच दिसंना."

"माझ्या मागं चाल. तीस वर्सं अंधारात उसाच्या फडात शिरलेय म्या."

पुढचं पाऊल टाकलं ते जमिनीवर पडलंच न्हाई.

खड्डा कमरंएवढा. मेंबरनं खूश होऊन आमाला दुसरा दिवा मंजूर केला व्हता, त्याच्या खांबाचा खड्डा आदल्याच दिवशी खांदला व्हता. माझा पाय खाली कडकन वाजला. पदर सुटला म्हणून रेखा वर ऱ्हायली, कडंला, दोन्ही हातांनी पोट धरून. ती पुढं असती तर काय झालं असतं, हे माझ्या मनात आलं अन् पायाची कळ मला काही वेळ लागलीच न्हाई.

रेखानं हाक मारली तशी वस्ती धावली. शोधावं लागलं न्हाई. म्हातारी कमरंपर्यंत पुरलेली, पाठीमागं एलईडी, लांबून समद्यांना साफ दिसत व्हती. सुदाम वाकला, माझ्या बगलेत हात घातला.

"माय, लई लागलं का?"

"गवऱ्या काढ," म्या म्हणले.

डॉक्टरनं पायाला पिलाश्टर घातलं. दीड महिना खाली बसायचं न्हाई म्हणला. सुदामनं दुपारपर्यंत संडास रिकामा केला, धुतला अन् मधी भोक पाडलेली प्लास्टिकची खुर्ची आणून आत ठिवली, माझ्यासाठी. त्या संडासात पहिली बसले ती म्याच. कडी लावून, भिंतीला टेकून, वारं न्हाई, पाऊस न्हाई, गाडी आली म्हणून उठणं न्हाई. लई बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? एवढं बरं वाटलं की निघूच वाटंना.

थोड्या वेळानं दार वाजलं.

"आत्या, झालं का?"

"व्हतंय."

"आत्या, आताच दोन तांबे पाणी पिलेय म्या. आशाताईच्या देखत. तुमी येता भाईर का म्या येऊ आत?"

ऊसतोडीला मुकादमानं आईमाईवरून शिव्या घातल्या तरी म्या कधी घाई केली न्हवती. त्या दिवशी मात्र एका हातात काठी अन् दुसऱ्या हातात लुगडं धरून, मोडक्या पायानं पळत भाईर आले.