काकणाचं घरटं आणि आमचा नाखवा

आमचा नाखवा होकायंत्र बाळगायचा ते पाहुण्यांना दाखवायला. आंजर्ल्याच्या खाडीत मचवा घ्यायचा तर त्याच्या खुणा दोनच. कड्यावरच्या गणपतीचा कळस आणि खोताच्या रायवळ आंब्यावरचं काकणाचं घरटं. काकण म्हणजे पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड. बरोबर कळसाखाली घरटं आलं की सुकाणू सरळ धरायचं, वाळूचा दांडा बाजूला राहतो. मी मराठी दुसरी शिकलेला माणूस, पण हे मला पुस्तकवाल्यांनी सांगू नये. मी त्याच्या शेजारी उभा होतो.

नाखवा मुसलमान, आम्ही खलाशी भंडारी नि खारवी. खाडीच्या तोंडाशी आलो की गळाला लागलेली एक मासळी तो वर भिरकावायचा आणि काकण ती पाण्याला टेकायच्या आत उचलायचा. काय झेप ती! एकदा आमच्यातला एक जण कुरकुरला, की नाखवा, हा काय तुमचा जावई लागतो? नाखवा म्हणाला, "जावई नाय रे, सुकाणी हाय. त्याचा पगार कोण देणार, तुझा बापूस?"

तीस सालच्या आसपासची गोष्ट. मंगळुरी कौलं भरून मार्गशीर्षात परत येत होतो. पहाटेचं धुकं. वर कळस दिसला, खाली घरटं दिसलं, घरट्यावर काकणही बसलेला. नाखव्यानं खूण जुळवली नि सुकाणू सरळ धरलं. मचवा थेट दांड्यावर चढला! ओहोटी लागलेली, मचवा कलला, पोटात कौलं कडाकडा वाजायला लागली. किनाऱ्यावर अर्धा गाव जमला नि हसू लागला, नाखव्याला म्हातारचळ लागला म्हणून.

मग कळलं. आम्ही दर्यावर असताना खोतानं आंबा कोळशाच्या ठेकेदाराला विकला होता. आंबा पडला, तेव्हा काकणाच्या जोडीनं दक्षिणेकडच्या, खोताच्याच सातवीणीच्या झाडावर नवं घर बांधलं, आणि आम्ही धुक्यात झाड न ओळखता नुसतं घरटं बघून चाललो!

मला वाटलं, आता नाखवा काकणाला शिव्या घालणार. तो गुडघाभर पाण्यात उभा राहून वर बघत होता. म्हणाला, "चुकलो मी, तो नाय. त्याचं घर तोडलं, त्यानं दुसरं बांधलं." तेवढ्यात कुणीतरी सांगितलं, की ती सातवीणही ठेकेदाराला देऊन झाली आहे, आठवड्यात पडेल.

नाखवा ओल्या लुंगीनं तसाच खोताकडे गेला, मी मागोमाग. खोत म्हणाला, शब्द दिलाय, शिवाय मला घराच्या तुळयांना पैसा हवा. आता नाखव्याचा साग खाडीच्या चिखलात मुरत पडला होता. नव्या मचव्यासाठी मलबारातून आणलेला. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो त्यावर उभं करून दाखवायचा, की ही माझ्या मचव्याची नवी नाळ, पुढचा उभा वासा, आणि हा त्याचा कणा.

तो म्हणाला, "तुळयांना माझा साग घ्या. सातवीण उभी राहू द्या."

खोत हसला. "पाखरासाठी मचवा घालवतोस?"

"जुना मचवा डागडुजीनं चालेल, खोत. काकणाला अजून एक झाड कुठनं आणू?"

बायकोनं दोन महिने अबोला धरला म्हणतात. नवा मचवा काही झाला नाही. पण त्याच फाल्गुनात आम्ही खाडीत शिरत होतो आणि सातवीणीवरून तिघं उठले. दोन थोरले आणि मध्ये एक तपकिरी पोर, धडपडत, पहिल्यांदाच दर्यावर! नाखवा सुकाणू सोडून डोलकाठीशी धावला. "बघा, माझा मचवा बघा!" असा ओरडत होता. मग मागे न बघता मला म्हणाला, "सुकाणू धर, मेल्या." नव्या खुणेनं मचवा पहिल्यांदा मी आत घेतला. त्यानं पुढे कधी परत मागितलं नाही.

नाखवा गेला, मचवा गेला. किनाऱ्याची उंच झाडं कोळशाला गेली, बंदूकवाल्या हौशींनी पाखरं पाडली, आणि काकण आता शोधावा लागतो. गेल्या साली सातवीण बघायला एक ठेकेदार आला. मी बुंध्याला पाठ लावून बसलो. तो म्हणाला, आजोबा, उठा, सौदा करायचाय.

मी म्हटलं, "ही कधीच विकली गेलीय बाबा. गिऱ्हाईक वर बसलंय."