सूर्यभानचा दुपटीचा डाव

सूर्यभान पाथर्डीकडचा. हंगामाला बायको केशरबाईला घेऊन, बैलगाडी जुंपून तो प्रवरेकाठी ऊस तोडायला यायचा. मी तेव्हा तिथल्या कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून होतो. बहात्तर सालच्या त्या हंगामात माझं एक लक्ष काट्यावर, तर दुसरं सूर्यभानवर असायचं.

काट्यासमोर गाड्यांची रांग लागली की तिच्या सावलीत पत्त्यांचा डाव बसायचा. खेळ अंदर-बाहर. एक पान उघडं ठेवायचं, मग एक पान बाहर, एक अंदर असं टाकत जायचं. उघड्या पानाचा जोडीदार ज्या बाजूला पडेल ती बाजू जिंकली. पैसे लावण्याइतके कुणाकडेच नसायचे, म्हणून डावावर लागायच्या वाढ्याच्या पेंढ्या. वाढं म्हणजे उसाचा हिरवा शेंडा, बैलांचा चारा. पावसानं दगा दिलेल्या त्या साली एकेका पेंढीला भलताच भाव आला होता. एक रीत मात्र कुणी मोडत नसे: हरणाऱ्याच्या बैलांना रात्रीपुरता चारा जिंकणाऱ्यानं सोडायचा. माणसं खुळी झाली म्हणून बैलांनी का उपाशी राहावं?

सूर्यभान नेहमी बाहर धरायचा. पहिलं पान तिकडं पडतं, म्हणून त्या बाजूचं पारडं केसभर जड, एवढं त्यानं हेरून ठेवलं होतं. आधी एक पेंढी लावायची. हरली की दोन, त्याही हरल्या की चार. कधीतरी बाजू लागणारच, आणि लागली की गेलेलं सगळं परत, वर एक पेंढी नफा. तेवढी घेऊन गडी उठायचा आणि मिशीला पीळ देत गाडीवर चढायचा. चार डाव ओळीनं हरलास तर काय करशील, असं मी एकदा त्याला विचारलं. तो म्हणाला, "पत्ते काय माझी भावकी हायेत, सारखे माझ्यावर उठायला?"

त्याच्या हरण्या नावाच्या बैलाच्या गळ्यात पितळी घुंगरांची माळ होती. केशरबाईच्या बापानं लग्नात दिलेली. अंधारात कितीही गाड्या तळावर परतोत, ती त्या आवाजावरून आपली गाडी ओळखायची आणि चुलीवर तवा टाकायची.

नफ्याच्या पेंढ्या चांगल्या पंधरा जमल्या, तेव्हा त्या कोल्हारच्या बाजारात विकायचं केशरबाईनं ठरवलं. पेंढ्या गाडीला बांधून ती उसावर बसून आधी काट्यावर आली. रोज एक पेंढी वाढते कशी, हेही तिला बघायचं होतंच.

त्या दिवशी पानं टाकायला मच्छिंद्र होता, कोल्हारचाच गाडीवान; समोरची अंदरची बाजूही त्यानंच धरली होती. सूर्यभान एक हरला, मग दोन. बायको बघतेय म्हटल्यावर त्याला चेव चढला. चार गेल्या, आठही गेल्या. पंधरवड्याची कमाई चार डावांत साफ झाली. आता सोळा लावायच्या होत्या आणि गाडीला नुसता दोर लोंबत होता.

सूर्यभान उठला. त्यानं हरण्याच्या गळ्यातली माळ सोडली आणि सोळा पेंढ्यांच्या बदल्यात मच्छिंद्रपुढं ठेवली. मच्छिंद्रनं मान डोलावून चौकटची सत्ती उघडी ठेवली. मला असा संताप आला की उठून पत्ते उधळून द्यावेत.

केशरबाई गाडीवरून उतरली. जिंकलं तर काय मिळेल, असं तिनं सरळ विचारलं.

"गेलेल्या पंधरा," सूर्यभान म्हणाला, "आन् वर एक."

"त्या पंधरा खेळात आल्या, खेळात गेल्या. माळ खेळातली न्हाई."

सूर्यभान बोटांवर दुपटीचा हिशेब समजावायला लागला आणि मधेच थांबला. हरण्या मान हलवत होता, पण आवाज येत नव्हता. सूर्यभाननं माळ उचलली आणि बैलाच्या गळ्यात बांधली. माझा जीव भांड्यात पडला.

मच्छिंद्रला मात्र राहवेना. उघडलेला डाव अर्धा कशाला सोडायचा, म्हणून त्यानं पानं टाकली. बाहर, अंदर, बाहर. तिसऱ्याच पानाला सत्ती, तीही बाहर. सूर्यभानचं तोंड एरंडेल प्याल्यासारखं झालं.

केशरबाई पदर तोंडाला लावून हसायला लागली. "बरं झालं," ती म्हणाली. "आज जिंकला असता, तर उद्या मलाच डावावर लावलं असतं तुमी."

सगळी रांग हसली, आणि शेवटी सूर्यभानही. मच्छिंद्रनं रीतीप्रमाणे चारा सोडला, वर दोन पेंढ्या जास्तच दिल्या.

पुढच्या हंगामांतही सूर्यभान यायचा, पण डावात स्वतः काही न लावता फक्त पानं टाकायला बसायचा. नव्या गाडीवानांना दुपटीची युक्ती मात्र हौसेनं शिकवायचा आणि शेवटी सांगायचा, "युक्ती लई पक्की हाय. फकस्त पाचव्या डावाला बायको संगं पाहिजे."