मातीचं तेल शोधायला ताडकळसला

ताडकळसला हौसेने फिरायला कोणी जात नाही. मीही गेले नव्हते. सत्तरच्या दशकात तेलाचे भाव भडकले होते आणि आमच्या मुंबईच्या ऑफिसात फिरत फिरत परभणी जिल्ह्यातला एक अर्ज आला: 'वस्तीच्या विहिरीत मातीचे तेल आढळले आहे. तातडीने तपास व्हावा.' मी नवी भूशास्त्रज्ञ, हरखूनच गेले. काळ्या कातळाच्या मुलखात तेल सहसा मिळत नाही, ते सापडलं तर माझं नाव होणार होतं. साहेब म्हणाले, "जाऊन या एकदा, म्हणजे डोकं शांत होईल तुमचं."

तेव्हा मनमाडला उतरून अरुंद रुळांची छोटी गाडी धरावी लागे. परभणीपर्यंत अंग आंबून जाई. पुढे ताडकळसची एसटी. बाजाराच्या दिवशी गेलात तर मांडीवर कोणाची तरी कोंबडी येणार, कुरकुरू नका. स्टँडवरची ज्वारीची भाकरी आणि तिळाची चटणी मात्र चुकवू नका, चहाच्या पैशात पोट भरायचं.

अर्ज लिहिणारे शेषराव गुरुजी न्यायला आले होते. बौद्ध वस्तीतले, तिथल्याच शाळेत शिकवणारे. त्यांनी माझ्या मागे पाहिलं.

"तुमी एकट्याच? पोलीस न्हाई आले?"

"पोलीस कशाला?"

त्यांनी वळून वाट धरली. वस्तीपर्यंत चार मैल चालायचं होतं आणि मला उगाच धाकधूक वाटू लागली.

विहिरीशी बायका रिकाम्या घागरी घेऊन उभ्या होत्या. वास नाकाला झोंबला. मी पायऱ्या उतरले. काळ्या कातळाखाली खडूसारखा पांढरा थर, त्याखाली काळपट शेल, म्हणजे गाळ घट्ट होऊन झालेला पापुद्र्यांचा दगड. अशा शेलमध्ये तेल मुरतं, पण सहजी सुटत नाही. खडूच्या बारीक छिद्रांतही ते अडकून बसतं. म्हणजे दगड फोडला की आतून वास यायला हवा, डाग दिसायला हवा. मी हातोडा मारला. बाहेरून वास, आत स्वच्छ. दुसरा फोडला, तिसरा फोडला. शेलही तसाच.

"अहो, हे तर रॉकेल आहे," मी वर येऊन म्हणाले.

"मंग आमी दुसरं काय म्हनायलोत?" कोंडाबाई म्हणाली. वस्तीतली सगळ्यात थोरली बाई ती. "मातीचं तेल. कंदिलात घालत्यात ते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इकडे रॉकेललाच मातीचं तेल म्हणतात. त्यांनी गुन्हा कळवला होता. वरच्या शहाण्यांनी तो खनिज तेलाचा शोध समजून आमच्याकडे धाडला होता.

"कोणी ओतलं?"

"ही विहीर आमी सोता खांदली. त्याच्या आदी सरपंचाच्या विहिरीवर उभं ऱ्हायचं, कुनी वरून वतलं तर पानी. आता पुन्ना तितंच उभ्या ऱ्हातोत. कुनी वतलं ते तुमीच वळखा," कोंडाबाई म्हणाली.

तेवढ्यात सरपंच आले, मागे दोन गडी. आवाज अगदी गोड.

"बाईसाहेब, जमिनीतूनच आलंय असं लिवा. गावाचं नाव हुईल. न्हाई तर उगंच भांडनं लागत्यात. अन् तुमाला एकटीला परत जायचंय, रस्ता लय खराब हाय."

खोटं कशाला सांगू, मी घाबरले होते. "दगड तपासल्याशिवाय काही लिहिता येत नाही," एवढंच बोलले आणि पिशवी बांधली.

कोंडाबाईने घागर खाली ठेवली. "चला, सोडतो तुमाला." सात-आठ बाया माझ्या चहूबाजूंनी चालू लागल्या, स्टँडपर्यंत. गडी अर्ध्या वाटेपर्यंत मागून आले, मग वळले. एसटी सुटेपर्यंत एकही बाई हलली नाही.

मुंबईत साहेब म्हणाले, "'तेल आढळले नाही' लिहा आणि फाईल बंद करा." तसं लिहिलं असतं तर वस्ती खोटी ठरली असती. मी लिहिलं: तेल आढळले. दगडाच्या आत नाही, फक्त बाहेरून. हे रॉकेल असून वरून ओतलेले आहे. एक प्रत जिल्ह्याच्या पोलिसांना, एक गुरुजींना धाडली. साहेब कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत.

पुढे अनेक विहिरी, अनेक खडक पाहिले. तेल मला कधीच सापडलं नाही, आणि त्याची रुखरुखही उरली नाही. राहिलं ते गुरुजींचं एक पत्र. तुमच्या कागदामुळे गुन्हा नोंदवला, असं त्यांनी लिहिलं होतं. माणूस काही सापडला नाही. विहीर तीनदा उपसली, पाणी आता गोड आहे. पण रोज सकाळी पहिला तांब्या कोंडाबाई एकटीच पिते, घटकाभर थांबते, आणि मगच पोरांना पिऊ देते.