खाचेत भरलेला भुसा
फौजेत भीती वाटली की मी मोठ्याने शिव्या घालायचो, आणि ती जायची. घरात तसं करता येत नाही. त्यातून लेक बाळंतपणाला आलेली. तिला मुलगी झाली त्याच दिवशी मी फुशारकी मारून बसलो, की पाळणा विकतचा आणायचा नाही, मी करणार. पेन्शनीत आल्यापासून दोन स्टुलं आणि एक देव्हारा केला होता, त्या जोरावर बोललो. बोलून झाल्यावर पस्तावलो, पण पाहुण्यांसमोर दिलेला शब्द परत कसा घ्यायचा?

पाळण्याच्या चौकटीला चार कोपरे. प्रत्येक कोपऱ्यात दोन्ही पट्ट्यांना निम्म्या जाडीची पायरी पाडायची आणि एकीवर एक बसवायची. सगळं वजन तिथंच येतं. करवतीने पायरी पडते, पण ती सपाट करायला रंधा लागतो, आणि माझा रुंद रंधा कोपऱ्यात शिरत नव्हता. आमच्या गल्लीत एक मिस्त्री आहेत, माझ्याच वयाचे. बाप-आज्यापासून त्यांच्या घरात सुतारकाम. ते म्हणाले, "हवालदार, सांगलीला जावा. पातं रंध्याच्या अंगाएवढंच रुंद बघून घ्या. केसभर बी कमी नको. न्हाईतर पार कोपऱ्यात लाकूड ऱ्हातंय, आन सांधा बसत न्हाई."

सांगलीच्या दुकानदाराने दोन अरुंद रंधे पुढे ठेवले. एक काळा, जड, दिसायला रेड्यासारखा. त्याचं पातं दोन्ही बाजूंनी अंगाला अगदी लागून. दुसरा निळ्या रंगाचा, चकचकीत, आणि किंमत निम्मी. मी निळ्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. पातं किंचित आत होतं. मला ते कळलं, हे इथे कबूल करतो. पण एका पाळण्यासाठी महागाचा कुठं घ्यायचा, एवढ्यानं काय होतंय, असं म्हणत मी निळाच पिशवीत टाकला. मिस्त्रींना सोबत नेलं असतं तर त्यांनी तिथंच कान उपटले असते. म्हणूनच नेलं नव्हतं बहुतेक.

व्हायचं तेच झालं. प्रत्येक पायरीच्या कोपऱ्यात लाकडाची एक बारीक कड राहू लागली. नाचता येईना अंगण वाकडं, तसा मी आधी सागवानाला बोल लावला. मग पटाशीने कडा उडवायला गेलो. तीन कोपरे कसेबसे जमले. चौथ्यात पटाशी खोल घुसली आणि सांध्यात फट पडली. बारसं दोन दिवसांवर आलेलं. मी भुसा आणि सरस कालवून फटीत भरला, वरून पॉलिश पेपर मारला, तेलाचा हात दिला. माझा मलाच सांधा सापडेना. इतका सुंदर दिसला तो कोपरा, की मला घाम फुटला.

मिस्त्री बघायला आले. "लय झ्याक केलंय गड्या," म्हणाले. तेव्हा सांगायला हवं होतं. जीभ रेटली नाही. त्यानंतर दाढी करताना, जेवताना, एकच गोष्ट मनात: पोर पाळण्यात आहे आणि तो कोपरा सुटतोय. खाली शहाबादी फरशी.

बारशाला बायकांनी माजघर भरलं. आधी वरवंट्याला कुंची घालून, बाळ म्हणून पाळण्यात निजवतात, तसा तो निजवला. दगडाचं वजन आलं आणि चौथा कोपरा कुरकुरला. गाण्याच्या गलक्यात कुणी ऐकलं नाही. मी दारात उभा होतो, मला ऐकू आलं. वरवंटा काढला. लेक पोरीला घेऊन वाकली.

"थांब!" मी परेडच्या आवाजात ओरडलो. गाणं बंद पडलं. "ठिवू नगंस. त्यो सांधा खोटा हाय. म्या भुसा भरलाय त्यात."

व्याह्यांकडच्या बायका माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं, फरशी दुभंगावी आणि आपण आत जावं. बायकोने कपाळावर हात मारला. लेक मात्र सरळ झाली, माझ्यापाशी आली. "मग तुमीच धरा, आप्पा."

बारा दिवसांत मी पोरीला एकदाही उचललं नव्हतं. हाताला सरस आहे, भुसा आहे, असं सांगून टाळत होतो. खरं तर माझ्या हातून ती पडेल, एवढीच भीती होती. पाळण्याचा सगळा खटाटोप त्या भीतीपोटीच केला होता. आता ती माझ्या हातांवर आली. वरवंट्याहून हलकी, आणि हलणारी. मी पाय रोवून उभा राहिलो. बायकांनी पुन्हा गाणं धरलं. आत्या पुढे झाली, माझ्या कोपरापाशी वाकून तिने पोरीच्या कानात नाव सांगितलं, आणि रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी आत्याच्या पाठीत धपाटे घातले. त्या गडबडीतही मी जागचा हललो नाही.

"आवं," बायको हळूच म्हणाली, "श्वास तरी घ्या."